आफ्रिकेला जरूर जा, पण पडावही बघा



नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब परदेशी जायचं आणि गरीब मुलांची वैद्यकीय सेवा करायची, ही पद्धत हल्ली आपल्या मंडळ्यांतही येऊ लागली आहे. आमच्या ओळखीचं एक कुटुंब पूर्व आफ्रिकेत दोन आठवडे जाणार आहे. आई नर्स, वडील हिशेबनीस, दोन मुलं शाळेत. त्यासाठी दानार्पण मागितलंय आणि द्यावं की नाही यावर मंडळीत दोन तट पडलेत.

गरज खोटी नाही. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैपासून यूएसएडचं कामकाज बंद केलं. तिच्या पैशावर चालणारे आफ्रिकेतले कितीतरी दवाखाने अडचणीत आले. पण तिथे अडलंय ते औषधांच्या पुरवठ्यापाशी आणि तिथल्याच नर्सच्या पगारापाशी. पाहुणे कमी पडले म्हणून नव्हे.

एका बैठकीत संपणारं काम असेल तर छोटी फेरीही उपयोगी पडते. डॉ. विल्यम मॅगी आणि त्यांच्या नर्स पत्नी कॅथलीन १९८२ साली फाटलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियांसाठी फिलिपिन्सला गेले. बरीच मुलं तशीच परत पाठवावी लागली, आणि त्या हळहळीतून ‘ऑपरेशन स्माइल’ उभं राहिलं. मात्र कुपोषण, लसी, सिकलसेल ही दुखणी दोन आठवड्यांत आटपत नाहीत. आपल्याकडे आलेल्यांनी हे ओळखलं होतं. जॉन स्कडर १८१९ साली पत्नी हॅरिएटसह श्रीलंकेला निघाले. त्यांची नात आयडा हिने वेल्लोरला १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचं इस्पितळ उघडलं आणि तिथल्याच तरुणांना शिकवून तयार केलं. ही माणसं राहिली, भाषा शिकली.

आता भाषेचंच घ्या. दिवाळीनंतर कामरेज, बारडोली, सायण, मढीच्या कारखान्यांसाठी डांग, तापी, नंदुरबार, धुळ्याहून कोयते येतात. उसाच्या कडेला पडाव पडतात, आणि उन्हाळा लागेपर्यंत मुलं तिथेच. बाळाचं ममता कार्ड बहुतेक वेळा गावी राहिलेलं, इथल्या आंगणवाडीत नाव नाही. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस अशीच हुकते. या पट्ट्यातल्या आदिवासींत सिकलसेल बराच आहे. सरकारने २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, पण ज्या मुलाला रोज फॉलिक ॲसिडची गोळी हवी, त्याचा दवाखाना गावी आणि मूल इथे. ऊन लागलं, पाणी कमी पडलं की हातपाय ठणकून मूल रात्रभर रडतं, आणि आईला वाटतं थंडी बाधली.

या आईशी डांगीत, मावचीत, अहिराणीत बोलू शकतील अशी माणसं आपल्या बाकांवर दर रविवारी बसतात. आफ्रिकेत आपल्याला दुभाषा लागेल, इथे नाही.

एक अडचण उघड बोलायला हवी. गुजरातमध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा २००३ चा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. ख्रिस्ती माणूस औषध घेऊन पडावावर गेला की शंका येणारच. म्हणून स्वतंत्र शिबिर, बॅनर, फोटो नकोत, पत्रिका तर मुळीच नकोत. मुकादमाला आधी सांगावं, आशाताई किंवा सरकारी नर्सबाईंबरोबर जावं. आपलं काम एवढंच: कार्ड नसलेल्या मुलांची यादी करणं, जुलाब झालेल्यांना ओआरएस देणं, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या होतात का ते बघणं, आणि आईला ममता दिवसाला सोबत नेणं. हिशेबनीसालाही ही यादी ठेवता येते, शाळकरी मुलांनाही.

त्या कुटुंबाला दान द्यावं का? माझं मत असं की तिथल्या इस्पितळाने लेखी बोलावलं असेल आणि तिथल्या नियमाप्रमाणे कामाची परवानगी मिळाली असेल, तर नर्सताईंचं तिकीट मंडळीने जरूर काढावं. बाकी तिघांचं त्यांनी स्वतः बघावं. शिल्लक राहील ती रक्कम या हंगामात पडावासाठी ठेवावी.

जाणाऱ्यांनी सायंकाळची वेळ धरावी, बायका तोडणीवरून परतल्यावर. दिवसा पडावात तान्ही मुलं असतात आणि त्यांना कडेवर घेतलेल्या सात-आठ वर्षांच्या बहिणी.

आपला,
एक वाचक, कामरेज (जि. सुरत)