जाडी म्हणजे मजबुती नव्हे

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाबाईच्या स्मरणार्थ उभारलेले छत्र तेथे आजही उभे आहे. तेथील हत्ती-घोड्यांच्या शिल्पांची छायाचित्रे प्रसृत झाली की मराठी मन सुखावते आणि ठरलेला शेरा येतो : जुने बांधकामच भक्कम, आजच्या अभियंत्यांना ते साधणार नाही.

या शेऱ्यात अभिमान आहे, विज्ञान नाही. पडलेल्या वास्तूचे छायाचित्र काढायला कोणी जात नाही. उरल्या तेवढ्याच डोळ्यांसमोर राहतात. शिवाय ओरत्तनाडूच्या भिंतींना किल्लारीसारखा हादरा कधी सोसावा लागलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरे कोसळली, त्यांच्या भिंतीही जाडच होत्या. दगडमातीच्या त्या भिंतींचे आतले व बाहेरचे असे दोन पदर होते आणि त्यांना जोडणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. वर मातीच्या धाब्याचे ओझे. जमीन हलताच पदर सुटले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. तत्कालीन भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हे विशेष.

भिंतीला तारते ते गणित, आणि ते अवघडही नाही. भिंत दाब उत्तम सोसते, ताण जवळजवळ नाहीच. वरचा भार मधोमध उतरला तर सारी भिंत दाबात राहते. तो जाडीच्या एक-षष्ठांशाहून अधिक सरकला की एका अंगाला ताण येतो. म्हणजे ४५ सेंटिमीटर भिंतीत सूट फक्त साडेसात सेंटिमीटरची. दुसरे बंधन परिणामी उंची आणि जाडी यांच्या गुणोत्तराचे. भारतीय मानक १९०५ च्या १९८७ च्या आवृत्तीत सिमेंटच्या मसाल्यासाठी ही मर्यादा २७ आहे. चुन्याच्या मसाल्यासाठी ती दोन मजल्यांपर्यंत २० आणि त्याहून उंच इमारतीला १३. परिणामी उंची तीन मीटर असेल, तर २३ सेंटिमीटरच्या भिंतीचे गुणोत्तर तेरा भरते. चुन्यातल्या तिमजली घराला ती जेमतेम काठावर नेते.

त्याच मानकातील एक कोष्टक तर प्रत्येक ठेकेदाराच्या भिंतीवर टांगावे असे आहे. विटेची ताकद ५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असेल, तर एकास चार सिमेंट-वाळूचा मसाला वापरा किंवा एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळूचा वापरा, मूळ अनुज्ञेय दाब ०.५० च धरायचा. कमकुवत विटेला कडक मसाल्याने बळ येत नाही. उलट चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतील ओल अडकते, क्षार साठतात आणि वीट झिजू लागते. दुरुस्ती म्हणून मिरवले जाणारे हे काम प्रत्यक्षात हळूहळू केलेली मोडतोड असते.

हे सारे ठाऊक असूनही अभियांत्रिकीच्या वर्गात भिंत म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्यातली भर, एवढीच तिची ओळख उरते. काँक्रीटच्या मानकाने १९७८ मध्ये मर्यादा-अवस्थेची पद्धत स्वीकारली. १९८७ च्या भिंतींच्या मानकाने मात्र अनुज्ञेय दाबाचीच जुनी वाट ठेवली. पुढाऱ्यांनी नव्हे, विषयाच्या जाणकारांनी जाब द्यावा अशी ही दिरंगाई आहे. शिकागोच्या १८९१ मधील सोळा मजली मोनॅडनॉक इमारतीच्या भिंती तळाशी सुमारे १.८ मीटर जाड ठेवाव्या लागल्या. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये अठरा मजले याहून कितीतरी पातळ भिंतींवर चढले. मधल्या काळात वीट काही दैवी झाली नव्हती. प्रयोगशाळेत भिंती मोडून पाहिल्या गेल्या आणि त्यावर हिशेब बसवला गेला.

भारतात गावोगावची घरे, शाळा आणि जुनी छत्रे आजही विटा-दगडांच्या भिंतींवरच भार टाकून उभी आहेत. स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीला भारवाही भिंतींचे संकल्पन हा सक्तीचा विषय हवा, आणि जुन्या वास्तूच्या दुरुस्तीची निविदा निघण्यापूर्वी तिच्या मसाल्याची व विटेची चाचणी झालेली असावी. ही चाचणी नसेल, तर ओरत्तनाडूच्या छत्रावर सिमेंटचे एक पोतेही उघडू देऊ नये.