सामायिक वहीत खासगी टिपण नको

हिंगोलीत आपल्या कितीतरी घरांच्या अडतीचे हिशेब आता शेअर्ड ड्राइव्हवर असतात. मुले पुण्याहून मॅक घेऊन येतात, फोल्डर उघडतात आणि तिथे 'डीएस-स्टोअर' नावाची फाइल येऊन बसते. मॅकवर ती लपलेली असते. दुकानातल्या विंडोजवर कित्येकदा दिसते. हा व्हायरस नव्हे. फोल्डर कसा मांडून दाखवायचा, एवढीच नोंद तिच्यात असते.

माझे मत स्पष्ट आहे: ती रोज पुसत बसू नये. ती परत येतेच, आणि पुसण्याच्या नादात एखादे खरे बिल जायचे! बंदोबस्त मुळाशी हवा. नेटवर्क ड्राइव्हवर ही फाइल लिहूच नकोस, अशी आज्ञा मॅकच्या टर्मिनलमध्ये देता येते; मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचे. प्रत्येकाच्या खात्यात ती वेगळी द्यावी लागते. पेनड्राइव्हला मात्र ती लागू होत नाही. विंडोजची 'थंब्स-डीबी' फाइल ग्रुप पॉलिसीतून थांबवता येते. जुन्या फाइली त्यानंतर एकदाच पुसाव्यात.

चार जणांच्या खतावणीत एकाच्या सोयीचे टिपण कशाला? सुट्टीत मुले आली की फराळाआधी एवढे करून घ्या.