अचलपूर–मूर्तिजापूर मार्गावर मालगाडी सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
(मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, भुसावळ यांच्यामार्फत)

विषय : अचलपूर–मूर्तिजापूर मार्गाच्या ब्रॉडगेज आराखड्यात मालवाहतुकीची सोय करणेबाबत.

महोदय,

या मार्गावरची जुनी नॅरोगेज गाडी ‘शकुंतला’ पुन्हा सुरू करा, अशी निवेदने आपल्या कार्यालयात ढिगाने पडली असतील. त्यांत आणखी एकाची भर घालतो आहोत, कारण आमची मागणी मालगाडीची आहे. ७६ किलोमीटरचा हा मार्ग टाकला गेला तोच मुळी वऱ्हाडच्या कापसासाठी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत या गाडीला साथ दिली, याचे कौतुक भरपूर झाले. त्या कौतुकाने सरकीचे एक पोतेही जागचे हलत नाही.

जुनी अडीच फुटी गाडी आम्हाला नको. तिच्यातला माल मूर्तिजापूरला उतरवायचा आणि मुंबई–हावडा मार्गावरच्या वॅगनमध्ये पुन्हा भरायचा, म्हणजे हमाली दुप्पट. ट्रक थेट जिनिंगच्या दारात येऊ लागल्यावर व्यापारी तिकडे वळला, यात त्याचे काय चुकले?

दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातला कापूस व हरभरा, अंजनगावची केळी व पानपिंपळी, अचलपूरचा संत्रा हा सगळा माल आज रस्त्यानेच जातो. संत्रा तोडल्यावर वाट पाहत नाही आणि एकट्या गावाच्या मालाने अख्खा रेक भरत नाही. म्हणून अचलपूर, अंजनगाव व बनोसा येथे मालधक्के बांधताना गाठी व धान्याच्या रेकसाठी पुरेशा लांबीची बाजूची लाइन द्यावी. फळांसाठी मात्र पार्सल डब्यांची सोय असावी. २०२० साली देवळाली–दानापूर किसान रेलमध्ये थोडा मालही चढवता येत होता, तसे इथे करता येईल.

परतवाडा-अचलपूर आणि दर्यापूर-बनोसा ही आता जोडगावे झाली आहेत. धक्के वस्तीबाहेर हवेत, वस्तीत भुयारी मार्ग हवेत. शाळा सुटायच्या वेळी लांबलचक मालगाडीसाठी फाटक अडले, तर आज सही करणारेच उद्या आपल्याविरुद्ध निवेदन घेऊन येतील!

गेज परिवर्तनाचा अंतिम निर्णय दिल्लीचा, हे आम्ही जाणतो. पण रेल्वेच्या जागेची मोजणी करून हद्दीचे खांब रोवणे विभागाच्या हातचे आहे. ते काम या उन्हाळ्यात व्हावे. जी कुटुंबे त्या जागेत राहत आहेत त्यांच्या पुनर्वसनाचे आधी ठरवावे. थेट बुलडोझर आणू नये.

अंदाजपत्रक पक्के होण्यापूर्वी आपल्या वाणिज्य व अभियांत्रिकी अधिकाऱ्यांनी आमच्यासोबत संयुक्त पाहणी करावी. बाजार समित्यांतील आवकेच्या नोंदी आम्ही त्या वेळी समोर ठेवू. पाहणीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले,
अचलपूर, परतवाडा, अंजनगाव सुर्जी व दर्यापूर येथील शेतकरी, अडते, जिनिंगचालक व नागरिक