दोन कानांनी पाहिलेले चित्रपट

आमच्या मराठी विभागाच्या संपादकांनी "अलीकडचे तुझे आवडते चित्रपट कोणते ते लिही" असे फर्मान काढले, तेव्हा मी लगेच होकार दिला. त्याला कारण आहे. कॅन्टीनमधल्या टेबलावर चित्रपटांचा विषय निघाला की मला कोणी पाच मिनिटांच्या वर बोलू देत नाही. येथे चार पाने मिळताहेत आणि मध्येच तोडणारे कोणी नाही. वाचकहो, पान उलटण्याचा हक्क तुम्हाला आहेच.

हुबळी-धारवाडच्या माणसाने सिनेमाचे वेड मिरवायचे म्हटले तर त्याला इतिहासाचा आधार आहे. व्ही. शांताराम मुलगेसे होते तेव्हा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते, आणि संध्याकाळी येथल्या न्यू डेक्कन सिनेमात दारावर उभे राहण्याचे काम करीत. दारावरच्या पोऱ्याला चित्रपट फुकट. पुढे ते कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले आणि मग काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे त्यांची पहिली शाळा आमच्या गावात भरली! आज त्याच गावात मराठी चित्रपट थिएटरात पाहायला मिळेल याची मला कधी खात्री वाटत नाही. लागला तर लागला, आणि लागला तरी कधी उतरेल याचा नेम नाही. मी कितीतरी चित्रपट बेळगावला मामाकडे जाऊन पाहिले, नाहीतर मोबाईलच्या टीचभर पडद्यावर.

पण तक्रारीसाठी हा लेखनप्रपंच नाही. मला सांगायचे आहे ते निराळेच. आपण येथली मराठी मुले दोन कान घेऊन जन्मलो आहोत. एका कानाने मराठी ऐकतो, दुसऱ्याने कन्नड. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला आणि बेंगळुरूच्या प्रेक्षकालाही जे ऐकू येत नाही ते आपल्याला ऐकू येते. हे भाग्य आपण फुकट घालवतो, असे माझे मत आहे.

उदाहरण देते. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली थिएटरांत आला. मी तो पुष्कळ उशिरा पाहिला. त्या नावाचा अर्थ डुक्कर, हे सगळ्यांना वर्तमानपत्रे वाचून कळले. पण आपल्याकडे रस्त्यावरचे शेंबडे पोरही डुकराला 'हंदी' म्हणते. जुन्या कन्नडात तोच शब्द 'पंदि' असा आहे. 'फँड्री' हा शब्द कैकाडी बोलीतला, आणि कैकाडी ही द्राविडी कुळातली, म्हणजे कन्नडची नात्यातली. चित्रपटात जब्याचे आईबाप घरात कैकाडी बोलतात आणि गावात मराठी. शाळेत जाणाऱ्या जब्याला घरातली ती बोली चारचौघांत नकोशी वाटते. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला हे खाली येणाऱ्या अक्षरांवरून समजते. मला ते अंगावर आले, कारण घरात एक आणि बाहेर एक बोलण्याची कसरत मी रोज करते. जब्याचे दुःख जातीचे आहे, माझे तसे नाही. त्याची माझी तुलना मी करीत नाही. पण चारचौघांत आईने हाक मारली की ती कोणत्या भाषेत मारते याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, आणि आपलेही जाते, एवढे मला माहीत आहे.

तेव्हापासून चित्रपट आवडण्याची माझी एक कसोटी ठरून गेली आहे. पडद्यावरची माणसे त्यांच्या गावात बोलतात तशी बोलतात की नाही? बाकी सगळे नंतर.

याच मंजुळ्यांचा २०१६ चा 'सैराट' तुम्ही पाहिला आहे, त्याची गोष्ट सांगत बसत नाही. करमाळ्याकडची भाषा जशीच्या तशी पडद्यावर आली आणि सारा महाराष्ट्र ती बोलू लागला. मग त्याची नक्कल निघाली. २०१७ साली कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला. नायिका तीच, रिंकू राजगुरू. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक', तो थेट उदयपूरला जाऊन पोहोचला. गोष्ट तीच. आणि तरी दोन्ही वेळा मला वाटले की आपण कोणाच्या तरी घरी गेलो आहोत आणि घरातली माणसे बाहेरगावी गेली आहेत. आर्ची ही त्या उसाच्या रानातली आणि त्या विहिरीजवळची मुलगी. तिची बोली काढून घेतली की उरते ती कुठल्याही चित्रपटातली श्रीमंत बापाची मुलगी.

आता तुम्ही म्हणाल, बोलीत चित्रपट काढला तर तो चालणार कोठे? 'कांतारा' पाहा की! २०२२ साली ऋषभ शेट्टींनी तो कुंदापूरकडच्या कन्नडमध्ये काढला. आमच्या धारवाडच्या कन्नड मित्रांनाही त्यातले काही शब्द नीट कळले नाहीत. तरी थिएटरात उभे राहायला जागा नव्हती, आणि बाकीच्या भाषांतले अवतार मागाहून निघाले. शेवटची वीस मिनिटे मी खुर्चीचा हात घट्ट धरून पाहिली. नायक नायिकेच्या कमरेला चिमटा काढतो आणि त्यावर प्रेक्षकांनी हसायचे असते, ते मला मुळीच आवडले नाही, आणि हे मी आमच्या वर्गात मोठ्याने सांगितले आहे. त्याच वर्षीचा 'केजीएफ'चा दुसरा भाग आमच्या वर्गातल्या मुलांना तोंडपाठ आहे. मला त्यातला आवाज आठवतो, माणूस आठवत नाही.

आता माझ्या यादीतला कन्नड चित्रपट. कन्नड विभागाच्या पानांवर कोणी त्याबद्दल लिहिले असेल तर मी त्यांच्या अंगणात पाऊल टाकते आहे, माफी असावी. पण मराठी विभाग वाचून झाला की अंक मिटून ठेवणारे वाचक आपल्यात आहेत, त्यांच्यासाठी हे येथेच सांगितले पाहिजे. चित्रपटाचे नाव 'शिवम्मा यरेहंचिनाळ', दिग्दर्शक जयशंकर आर्यर. २०२२ साली कोरियातल्या बुसान महोत्सवात त्याला 'न्यू करंट्स' पारितोषिक मिळाले आणि कर्नाटकात तो २०२४ च्या जूनमध्ये लागला. यरेहंचिनाळ हे कोप्पळ जिल्ह्यातले खरेच गाव, हुबळीहून गदगवरून पुढे. काम करणारी माणसेही तिथलीच. शिवम्मा शाळेत स्वयंपाक करते, नवरा अंथरुणाला खिळलेला, डोक्यावर कर्ज. ती साखळी पद्धतीने पौष्टिक पावडर विकण्याच्या धंद्यात पडते आणि साऱ्या गावाच्या गळ्यात ते डबे मारू लागते. ही बाई बिचारी नाही. हट्टी आहे, गोड बोलते, थापाही मारते. तुमच्या आमच्या गल्लीत तिची बहीण नक्की सापडेल. आमच्याकडे असा एक डबा अजून कपाटावर आहे.

तो चित्रपट पाहताना मला आनंद झाला त्याचे आणखी एक कारण आहे. बेंगळुरूच्या चित्रपटांत आपल्या उत्तर कर्नाटकाची कन्नड बहुतेक वेळा ऐकू येते ती हसवण्यापुरती. धारवाडकडचा माणूस पडद्यावर आला की तो विनोद करणार हे ठरलेले. 'शिवम्मा'मध्ये त्याच भाषेत एक बाई कर्जाचा हिशेब करते आणि कोणी हसत नाही. मराठीत तरी निराळे काय आहे? कानडी हेल काढून मराठी बोलणारे पात्र आले की प्रेक्षक आधीच हसायला तयार. पु. ल. देशपांड्यांच्या रावसाहेबांवर आपण सगळे जीव टाकतो, मीही टाकते, कारण पु. लं.नी त्या बोलीमागचा माणूस पाहिला. नंतरच्या नकलाकारांनी नुसता हेल उचलला.

माझ्या आईचे माहेर बेळगाव. आमच्या घरात बायकाही "मी जातो", "मी आलो" म्हणतात. मीसुद्धा म्हणते. हा लेख लिहिताना मात्र प्रत्येक ठिकाणी "जाते", "आले" असे लिहिते आहे, कारण छापायचे मराठी निराळे असते असे आपल्याला शिकवलेले आहे. "येतो की रे", "मला होत नाही बा" असे बोलणारी मुलगी प्रेमात पडलेली, नापास झालेली, बापाशी भांडलेली मी अजून एकाही चित्रपटात पाहिलेली नाही. करमाळ्याची मुलगी चालते, कुंदापूरचा मुलगा चालतो, मग माळमड्डीची का नाही?

जयंत सोमलकरांचा 'स्थळ' याच कसोटीला उतरतो. टोरांटोला २०२३ साली त्याला नेटपॅकचे पारितोषिक मिळाले, आपल्याकडे थिएटरांत तो मार्च २०२५ मध्ये आला. चंद्रपूर जिल्ह्यातले डोंगरगाव, कापसाचा शेतकरी बाप, सावळ्या रंगाची सविता. पाहुणे येतात, तिला समोर बसवतात, नाव, शिक्षण, उंची विचारतात. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. दिग्दर्शक ते सगळे तितक्याच वेळा दाखवतो, कंटाळा येईपर्यंत, आणि तो कंटाळा आपल्याला यावा हीच त्याची इच्छा आहे. तिथली वऱ्हाडाकडची भाषा माझ्यापासून फार लांबची. पण 'मुलगी पाहणे' याला कन्नडमध्ये शब्दाला शब्द 'हेण्णु नोडोदु' म्हणतात. या बाबतीत चंद्रपूर आणि धारवाड यांच्यात अंतर नाही.

रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' मी पुण्याला मावशीबरोबर पाहिला. सनडान्सच्या महोत्सवात २०२५ च्या जानेवारीत परदेशी कथापटांतले सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले, एवढेच मावशीला ठाऊक होते. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवस राहतो, नातेवाइकांची एकच भुणभुण चालू असते की लग्न कधी. त्याचे आणि बालपणीचा मित्र बाळ्याचे प्रेम हा चित्रपटाचा विषय आहे. मावशी उठून जाईल की काय अशी मला धास्ती होती. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरचा श्वासही ऐकू येतो. ती उठली नाही. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाली, "आई चांगली होती ती. तिला सगळं माहीत होतं." त्यापुढे आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोललो. मला तेवढे पुरले.

'बाईपण भारी देवा', 'झिम्मा' हे मी मैत्रिणींबरोबर पाहिले, हसले, आणि बाहेर येईपर्यंत विसरले. 'वाळवी' मात्र झकास. 'दशावतार'मध्ये एक्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर पाहावेत. त्यांच्यापुढे गोष्ट थोडी अपुरी पडते.

एक चित्रपट माझ्या कसोटीत बसत नाही आणि तरी यादीत सर्वांत वर आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल'. व्हेनिसला २०२० साली पटकथेचे पारितोषिक, आणि २०२१ च्या एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर. गोष्ट मुंबईतली, पण तो खरा धारवाडने पाहायचा चित्रपट आहे. आपल्याकडे म्हणतात, धारवाडात दगड भिरकावला तर तो कवीच्या नाहीतर गवयाच्या घरावर पडतो. मल्लिकार्जुन मन्सूरांचे 'मृत्युंजय' आपण येता-जाता पाहतो. हुबळीजवळच्या कुंदगोळचे, कन्नड बोलणारे रामभाऊ मराठी रंगभूमीवर गेले आणि सवाई गंधर्व झाले. त्या काळी कोणी त्यांना हेलावरून हसले असेल, तरी सूर लागल्यावर थांबले असेल. आपण या थोरांची नावे घेतो, त्यांच्या पुण्यतिथीला जातो. पण गुरूकडे वीस वर्षे तंबोरा धरून जे थोर झाले नाहीत त्यांचे काय, हे आपल्याकडे कोणी विचारीत नाही. 'द डिसायपल' तेवढेच विचारतो. शरद नेरूळकर मेहनत करतो, गुरूचे पाय दाबतो, रात्री मोटारसायकलवरून जाताना माईंची जुनी व्याख्याने कानाला लावून ऐकतो. माई पडद्यावर कधीच दिसत नाहीत, नुसता आवाज. तो आवाज सुमित्रा भावे यांचा, आणि चित्रपट घरोघर पोहोचण्याच्या थोडे दिवस आधीच त्या गेल्या. शरदला गाणे येते, कळतेही. फक्त ते जे व्हायला हवे ते होत नाही, आणि का होत नाही ते कोणी सांगू शकत नाही. आदित्य मोडक हे स्वतः गाणारे, म्हणून ते न होणे आपल्याला ऐकू येते.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. बँकेत नोकरी केली, पहाटे रियाज केला, मोठ्या मैफलीत कधी बसले नाहीत. हा चित्रपट त्यांना दाखवावा की नाही याचा मी महिनाभर विचार केला आणि शेवटी लॅपटॉप घेऊन गेले. एक रेकॉर्ड जमवणारा गृहस्थ शरदच्या दैवतांच्या कुचाळक्या करतो आणि शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो, तेथे काका म्हणाले, "पाणी कशाला टाकायचं रे? जुन्या रेकॉर्डी आहेत की त्याच्याकडं, त्या ऐकून घ्यायच्या." ते मलाही 'रे'च म्हणतात. मग चित्रपट संपेपर्यंत काही बोलले नाहीत. संपल्यावर त्यांनी माईंचा आवाज असलेला पहिला तुकडा पुन्हा लावायला सांगितला. तो आम्ही तीन वेळा ऐकला, तिसऱ्या वेळी काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभ्या होत्या.