महाराष्ट्रात शिकारीचा हंगाम कधी असतो? परवाना कोणाला मिळतो?

नवी मुंबईत नेरूळ आणि जुईनगरच्या परिसरात शिरवणे गाव आहे. पूर्वेला औद्योगिक वसाहत आणि पश्चिमेला पाम बीच रस्त्यापलीकडे ठाण्याची खाडी. हिवाळा आला की या खाडीत बदकं, बगळे आणि रोहित म्हणजे फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागतात.

इथल्या मासेमारीला वेळापत्रक आहे. राज्यात गेली अनेक वर्षं १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट मिळते, आणि नौकेला परवाना लागतो. मग पक्ष्यांचं काय? अमेरिकेत राहणारे नातेवाईक तिथल्या रानटी टर्कीच्या शिकारीचे हंगाम आणि परवाने यांबद्दल सांगतात, तेव्हा अनेकांना प्रश्न पडतो की आपल्याकडे तितर, लावा किंवा रानकोंबडा मारायचा परवाना कुठे मिळतो?

उत्तर असं की तो कुठेच मिळत नाही. महाराष्ट्रातच काय, देशात कुठेही हौसेच्या शिकारीचा परवाना दिला जात नाही. पण अर्ज करून रानटी प्राणी मारायची परवानगी मात्र मिळू शकते, आणि खरा वाद तिच्यावरून आहे.

शिकार म्हणजे नेमकं काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या बरीच रुंद आहे. बंदुकीने मारणं हा तिचा एक छोटा भाग झाला. प्राणी पकडणं, त्याला विष घालणं, फास लावणं, जाळं टाकणं, हाकारून कोंडीत आणणं, आमिष दाखवणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. यातलं काही करण्याचा नुसता प्रयत्न केला तरी तीही शिकारच. पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंडी फोडणं, घरट्याला धक्का लावणं हेही याच व्याख्येत येतं.

म्हणजे बेचकीने पक्षी टिपणारा मुलगा आणि बगळ्यांची घरटी असलेली फांदी बेफिकिरीने छाटणारा कंत्राटदार, दोघेही या व्याख्येच्या आवाक्यात येऊ शकतात. अनेकांना हे माहीत नसतं.

टर्कीचं मात्र वेगळं आहे. तो मूळचा अमेरिकेतला पक्षी. भारतात दिसते ती टर्की पोल्ट्रीतली, कोंबडीसारखी पाळलेली असते. तिला हा कायदा लागू होत नाही.

पूर्वी हंगाम होता का?

होता. ब्रिटिश काळात १९१२ च्या कायद्याने विणीच्या काळात ठरावीक पक्षी आणि प्राणी मारायला बंदी घातली होती. त्या काळाला ‘बंद काळ’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्ष्यांच्या संरक्षणासाठी स्वतःचा कायदा केला. त्यातही परवाने आणि बंद काळ होतेच.

१९७२ चा केंद्रीय कायदा आला तेव्हाही शिकार पूर्ण बंद झाली नव्हती. अनुसूची १ मधल्या प्राण्यांना हात लावायचा नाही, बाकीच्यांसाठी परवाना घ्यायचा, अशी रचना होती. मोठ्या शिकारीचा परवाना वेगळा, छोट्या शिकारीचा वेगळा, प्राणी जिवंत पकडायचा आणखी वेगळा. तितर, लावे, बदकं हे छोट्या शिकारीतले पक्षी.

१९९१ च्या दुरुस्तीने हे सगळं मोडीत निघालं. परवान्यांची आणि बंद काळाची कलमं वगळली गेली. आज कायद्यात ‘हंगाम’ सापडत नाही, तो यामुळे.

याचा फटका कोणाला बसला?

बंदूकवाल्या हौशी शिकाऱ्यांचा छंद गेला. फासेपारध्यांचं पोट गेलं. तितर-लाव्यांना फास लावून पकडणं हा या समाजाचा पिढीजात धंदा, समाजाचं नावच त्यावरून पडलेलं. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांत पारधीही होते. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, आणि पुढे वन्यजीव कायद्याने त्यांचा धंदाच गुन्हा ठरला. पक्षी वाचवायचे तर हे अटळ होतं, असं म्हणता येईल. पण पर्यायी रोजगार देण्याचं काम त्या वेगाने झालं नाही, हेही तितकंच खरं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानेही इथे दार उघडलं नाही. आदिवासींचे वनातले पारंपरिक हक्क तो मान्य करतो, पण शिकार आणि सापळे लावणं त्यातून स्पष्ट शब्दांत वगळतो. रायगड-ठाण्यातल्या कातकरी-ठाकरांनाही हाच नियम लागू होतो.

अमेरिकेने उलटी वाट धरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली रानटी टर्की बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने संपत आली होती. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. परवान्याचं शुल्कही त्याच कामी लागलं. पक्षी पकडून नव्या जंगलांत सोडले गेले. आज अलास्का सोडून बाकी ४९ राज्यांत टर्कीचा हंगाम असतो, आणि वसंतातल्या हंगामात सहसा फक्त नर मारायची मुभा असते. तिथे संवर्धनाचा बराच खर्च शिकाऱ्याच्या खिशातून येतो. भारतात त्याला या चित्रातून पूर्ण बाहेर काढलं गेलं.

मग रानडुक्कर मारायची परवानगी कशी मिळते?

कलम ११ मधून. रानडुक्कर किंवा रोही म्हणजे नीलगाय हे अनुसूची २ मधले प्राणी. ते माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाले, तर प्राधिकृत अधिकारी कारणं नोंदवून त्यांना मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतो. शेतकऱ्याने त्यासाठी वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात अर्ज करायचा असतो.

अनुसूची १ मधल्या वाघ-बिबट्यांसाठी अट कितीतरी कडक आहे. पिकाचं नुकसान हे तिथे कारणच नाही. माणसाच्या जिवाला धोका असला किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच विचार होतो. आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, आणि तोही जिवंत पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नाही याची खात्री करून. यवतमाळमधली ‘अवनी’ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, तेव्हाचा वाद याच अटी पाळल्या गेल्या का, यावर होता.

कागदावर शेतकऱ्यासाठी वाट आहे. प्रत्यक्षात ती फार थोड्यांच्या उपयोगी पडते. डुकरांचा कळप रात्री येतो आणि पहाटेपर्यंत भुईमुगाचं किंवा भाताचं रान उकरून जातो. परवानगी हातात आली तरी मारायचं कशाने? बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याखाली जिल्हा प्रशासनाकडून वेगळा काढावा लागतो. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद त्या कायद्यात आहे आणि कोकणात अशा बंदुका बऱ्याच आहेत. पण निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. बागायतदारांची ही जुनी तक्रार आहे. शिवाय मारलेलं डुक्कर शेतकऱ्याचं होत नाही. कलम ११ नुसार मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो, त्यामुळे मटण वाटून घेणं हा नवा गुन्हा ठरतो.

परिणाम काय होतो? अर्ज करण्याऐवजी कुंपणाच्या तारेत वीजप्रवाह सोडला जातो, तारेचे फास लावले जातात, नाहीतर खाण्याच्या आमिषात गावठी स्फोटकं ठेवली जातात. तार डुक्कर आणि वाघ यांत फरक करत नाही. विदर्भात अशा तारांना लागून वाघही मेले आहेत आणि माणसंही. कायद्यातला रस्ता लांबचा असेल तर लोक आडवाट धरतात. इथे त्या आडवाटेने कायद्याच्या मूळ हेतूलाच सुरुंग लागला आहे.

यावर इतरांनी काय केलं?

कलम ६२ नुसार केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर करू शकतं. मग त्याला मारायला परवानगी लागत नाही. त्या काळात हा प्राणी संरक्षणातून बाहेर जातो. काही वर्षांपूर्वी बिहारमध्ये नीलगाय व रानडुकरासाठी, उत्तराखंडमध्ये रानडुकरासाठी आणि हिमाचल प्रदेशात माकडांसाठी हे झालं. केरळने रानडुकरासाठी अशी मागणी केली, पण केंद्राने ती मानली नाही. तेव्हा त्या राज्याने २०२२ मध्ये परवानगीचे अधिकार थेट पंचायत आणि नगरपालिकांच्या प्रमुखांकडे दिले. गावातच निर्णय होऊ लागला, म्हणजे किमान कार्यालयाच्या चकरा तरी वाचल्या.

महाराष्ट्राचा भर भरपाईवर आहे. वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईसाठी राज्याने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला. पण भरपाईने कळप कमी होत नाही. पंचनाम्याची वाट बघत पुढचा हंगाम उजाडतो, ही तक्रारही कायम आहे.

पकडलं गेल्यास शिक्षा किती?

२०२२ च्या दुरुस्तीनंतर कायदा मोडणाऱ्याला साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्राणी अनुसूची १ मधला असेल, किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

शिरवणे आणि आसपासच्या लोकांसाठी यातली अभयारण्याची अट महत्त्वाची आहे. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या हद्दीत साधं बदक धरलं तरी गुन्हा वरच्या श्रेणीत जातो.

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी ती व्यक्ती स्वतःच कायदा मोडत असेल, उदाहरणार्थ फास लावायला गेलेली असेल, तर ही सवलत मिळत नाही. जखमी पक्षी सापडला तर तो घरी ठेवू नये, वन विभागाच्या १९२६ या मोफत क्रमांकावर कळवावं.