हजार वॅटचा अँप नक्की कुणासाठी?

मंडळी, गेले काही रविवार मी एकच विषय ऐकतोय आणि आता कान किटले आहेत. (हा शब्दशः अर्थाने घ्यायचा धोका आहे, त्यावर पुढे येतोच.) इथे बे एरियात मोटारसायकलवाल्यांचा रविवार सकाळचा अड्डा म्हणजे वुडसाइडच्या वर, हायवे 84 आणि 35 जिथे भेटतात तिथलं अ‍ॅलिसेस रेस्टॉरंट. पूर्वी तिथे टायर, ऑइल, कुठल्या रस्त्यावर खडी आलीय असल्या गप्पा व्हायच्या. हल्ली फक्त अँप. "अजून स्टॉक स्पीकरवरच आहेस?" असं लोक मला विचारतात, जणू काही मी अजून फ्लॉपी डिस्क खिशात घेऊन फिरतोय.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथल्या मोठ्या टूरिंग बाइकला पुढे फेअरिंग असतं आणि त्यात रेडिओ, स्क्रीन, स्पीकर असा सगळा संसार. माझी 2015 ची स्ट्रीट ग्लाइड आहे. तिच्यात कंपनीने सव्वापाच इंची दोन स्पीकर आणि चॅनेलमागे 25 वॅट दिलेत. लोकांना हे भिकार वाटतं. मग फेअरिंगमध्ये मोठे स्पीकर, मागच्या सॅडलबॅगची झाकणं कापून त्यात आणखी दोन, आणि हे सगळं ओढायला "1000 वॅट" छापलेला अँप. खर्च सहज दोन हजार डॉलर. रुपयांत करून बघा आणि मग पाणी प्या.

आधीच सांगतो, बाइकवर गाणी ऐकण्याला माझा विरोध नाही. "इंजिनाचा आवाज हेच खरं संगीत" म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींशी माझं अजिबात जमत नाही. सरळ फ्रीवेवर दोन तास तेच संगीत ऐकून बघा म्हणावं. माझं म्हणणं एवढंच की हा चुकीच्या रोगावरचा महागडा इलाज आहे, आणि त्याचं बिल डॉलरमध्ये संपत नाही.

ऑफिसमध्ये सर्व्हर स्लो झाला की एक तरी मॅनेजर असतोच जो म्हणतो, अजून चार मशीन टाका. डेटाबेसची एक क्वेरी सगळं अडवून बसलीय हे बघायचं कुणाला नसतं. बाइकवर ती क्वेरी म्हणजे वारा. ताशी 70 मैलांनी (म्हणजे साधारण 110 किलोमीटर) जाताना हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास असतो, आणि त्याचा मोठा भाग हनुवटीखालच्या मोकळ्या जागेतून आत येतो. म्हणजे गाणं नीट ऐकू यायला ते 100 च्या वर वाजवायला हवं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की 85 डेसिबल आठ तास चालेल, आणि वरच्या प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा करा. करा गणित. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. सॅन होजेहून बिग सरला जायला दोन-अडीच तास लागतात. एकट्या वाऱ्यानेच दिवसाचा कोटा मॉर्गन हिल यायच्या आत संपलेला असतो, आणि त्यावर तुम्ही अँपची भर घालणार!

बरं, भर तरी किती पडते? डेसिबल लॉगॅरिदमिक असतात हे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सगळ्यांनी घोकलंय आणि परीक्षेनंतर सगळे विसरलेत. 25 वॅटचे 100 वॅट केले की मिळतात 6 डेसिबल. आवाज कानाला "दुप्पट" वाटायला 10 डेसिबल लागतात, म्हणजे 250 वॅट. उलट वाऱ्याचं बघा. हवेच्या प्रवाहाचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो असं ढोबळ मानलं, तर 70 ऐवजी 60 मैलांनी गेल्यावर तो 4 डेसिबलने उतरतो. हे अँपची ताकद अडीचपट करण्याइतकं झालं, आणि ते फुकट, वर पेट्रोल वाचतं ते वेगळंच.

आणि खोक्यावरच्या त्या 1000 वॅटबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे बोलतोच. अँपच्या वायरवरचा फ्यूज बघा. 30 अँपिअरचा असेल तर 14 व्होल्टला आत जाणार 420 वॅट. क्लास-डी अँप 80 टक्के कार्यक्षम धरला तर बाहेर येणार 335 च्या आसपास, तेही चारही चॅनेल मिळून. उरलेले साडेसहाशे वॅट मार्केटिंग डिपार्टमेंट बनवतं. अमेरिकेत 2003 पासून सीईए-2006 नावाचं प्रमाण आहे, 14.4 व्होल्ट, 4 ओहम, 1 टक्का डिस्टॉर्शनला वॅट मोजा म्हणणारं. पण ते ऐच्छिक आहे, त्यामुळे ज्यांना लपवायचंय ते "मॅक्स" छापून मोकळे. विचारायचा आकडा आरएमएस, तोही किती ओहमला ते धरून. (बॅटरी बसेल हा आक्षेप मात्र मी घेणार नाही. तो फुगवलेला आहे. गाण्यात सरासरी ताकद शिखराच्या मानाने बरीच कमी असते. इंजिन बंद ठेवून पार्किंगमध्ये कॉन्सर्ट भरवणाऱ्यांनी मात्र जंपर केबल बाळगावी.)

लोकांना हवा असतो बेस, आणि नेमका तोच वारा सगळ्यात आधी खातो, कारण वाऱ्याची घरघर खालच्या फ्रिक्वेन्सीतच सगळ्यात जास्त असते. गाडीत काचा बंद केल्या की छोटी केबिन बेसला हातभार लावते. बाइकवर केबिन कुठली? तुमचा बेस निम्मा डोंगराला आणि निम्मा मागच्या गाडीवाल्याला. त्यामुळे झाकणं कापून लावलेले ते स्पीकर ऐकू येतात ते सिग्नलला थांबल्यावर. म्हणजे ज्यांनी ऐकायला मागितलेलं नाही त्यांना.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्या पोटात का दुखतंय, पैसे त्यांचे, कान त्यांचे. तर दुखतंय, कारण आमच्याबरोबर येणारे एक काका आहेत. मूळचे साताऱ्याचे, पन्नाशी ओलांडलेली, वीस वर्षं बाइक चालवतायत, कानात कधी काही घातलं नाही. गेल्या वर्षापासून रात्री खोलीत शांतता झाली की त्यांना बारीक शिट्टी ऐकू येते. हॉटेलात चार माणसं बोलायला लागली की ते नुसतं हसून मान डोलावतात, मग आम्हाला कळतं की यांना काही कळलेलं नाही. आणि आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये सगळ्यात मोठा अँप मागवला कुणी, तर काकांनी. "अरे, हल्ली गाण्यातले शब्दच कळत नाहीत बघ, स्पीकर गेले असणार."

मी म्हटलं, "काका, तुमच्या बाइकवर मागच्या महिन्यात मीच बसलो होतो. स्पीकर ठणठणीत आहेत."

"तू लहान आहेस रे, तुला नाही कळायचं."

यात कळायचं काय आहे? शब्दांचा स्पष्टपणा वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, आणि सततच्या आवाजाने कान आधी तिथेच जातात. आतल्या कानातल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. म्हणजे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा, आणि वाढवला म्हणून अजून कमी ऐकू येणार. कोडमध्ये असा लूप कुणी लिहिला तर आपण रिव्ह्यूमध्येच हाकलून देतो. त्या दुकानातल्या सेल्समनने काकांना एकदाही विचारलं नाही की तुम्ही इअरप्लग वापरता का.

"प्लग घातल्यावर गाणं कसं ऐकू येणार?" हा नेहमीचा प्रश्न. येतं! प्लग वारा आणि गाणं दोन्ही खाली आणतो, दोघांमधलं प्रमाण जवळपास तेच राहतं, फक्त तुमचा कान ओरडा खायचा थांबतो. साधे फोमचे बोळे वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे गाणं जरा दबकं वाटतं, हे खरं. त्यावर वादक वापरतात तसले, सगळे सूर सारखे उतरवणारे फिल्टरवाले प्लग मिळतात. दोन्ही कानांत इअरफोन कोंबून चालवायला कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम 27400 ने बंदी आहे, पण कानाच्या संरक्षणाच्या प्लगना त्याच कलमात सूट आहे, सायरन-हॉर्न ऐकू येत असले म्हणजे झालं. आणि त्याच कायद्याचं कलम 27007 म्हणतं की रस्त्यावर तुमचं म्युझिक 50 फुटांवर ऐकू येता कामा नये. माझ्या ओळखीत कुणालाच हे माहीत नव्हतं. आपल्याकडेही 2000 सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे आणि विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर तिचं काय होतं ते आपण जाणतोच, तेव्हा अमेरिकनांना फार हसायला नको.

तरीही पैसे खर्चायचेच असतील तर आधी विंडशील्ड. स्ट्रीट ग्लाइडवर येते ती बुटकी काच हवा सरळ हेल्मेटवर फेकते. आपल्या उंचीची काच मित्राकडून मागून लावून बघा, कारण चुकीच्या उंचीची काच आणखी गोंगाट करते. हेल्मेटखाली हनुवटीचा पडदा लावा. मग स्पीकर, पण वॅट बघून नव्हे, सेन्सिटिव्हिटी बघून. 88 डेसिबलच्या जागी 94 चा स्पीकर लावला तर अँपला हात न लावता चौपट ताकद मिळाल्यासारखं होतं. अँप घ्यायचाच तर चॅनेलमागे 75 ते 100 वॅट आरएमएसचा पुरे, आणि त्यावर 100 हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, तसंही ते वाराच खाणार आहे. आणि हेड युनिटचं इक्वलायझर तपासा. काही ठिकाणी आवाज वाढवला की सॉफ्टवेअरच बेस उतरवतं, आणि ते बदलायला डीलरच्या कॉम्प्युटरशिवाय चालत नाही. निव्वळ चीड आणणारा प्रकार आहे, पण तो विषय परत कधीतरी.

काकांचा अँप गॅरेजमध्ये अजून खोक्यातच आहे. परत करायची मुदत 30 दिवसांची, त्यातले 11 उरलेत. काकूंनी गुरुवारची ऑडिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय, आणि काकांना त्या दिवशी नेमकी मीटिंग आहे म्हणे.