आपला कोण?

हिवाळी ऑलिंपिकमधील फिगर स्केटिंगविषयी चार रसिक उत्साहाने बोलू लागले, की पाचवा कोणीतरी हमखास विचारतो, "पण त्यात आपला कोण आहे?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असते. आपला कोणी नाही. फिगर स्केटिंगसाठी भारताचा एकही खेळाडू आजवर ऑलिंपिकच्या बर्फावर उतरलेला नाही. तेव्हा परक्यांच्या जयाने हरखणारा आणि त्यांच्या पडण्याने हळहळणारा मनुष्य एक तर रिकामटेकडा असला पाहिजे, नाही तर परदेशाच्या मोहात सापडलेला. अनेक वर्षे हा खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून आवडीने पाहत आल्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला वारंवार आला आहे. आणि जितक्या वेळा तो ऐकला, तितकी माझी खात्री दृढ होत गेली की ह्या सुंदर खेळाला लागलेली कीड नेमकी ह्याच प्रश्नात आहे. ज्या प्रेक्षकाजवळ फडकवायला निशाण नाही, तो ह्या खेळाचा उपरा प्रेक्षक नव्हे. पुष्कळदा तोच खरा प्रेक्षक असतो.

प्रथम हा खेळ कोणत्या जातीचा आहे ते पाहू. स्केटच्या पात्याला तळाशी दोन कडा असतात आणि मध्ये पन्हळीसारखा खळगा. सारे कौशल्य कोणत्या कडेवरून उडी घेतली आणि कोणत्या कडेवर उतरले ह्यात साठवलेले असते. ॲक्सेल नावाची उडी तेवढी समोर तोंड करून घेतली जाते आणि उतरताना पाठ पुढे असते. म्हणून तिहेरी ॲक्सेलला तीन नव्हे, साडेतीन गिरक्या लागतात. हे सर्व क्षणार्धात घडते, तेही संगीताच्या लयीत. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निर्णय देते आणि भारोत्तोलनात वजन. येथे निर्णय देतो माणसाचा डोळा. परीक्षकाच्या अभिरुचीवर, त्याच्या तत्परतेवर आणि त्याच्या प्रामाणिकपणावर सारा डोलारा उभा आहे. अशा खेळात परीक्षकाच्या छातीवर देशाचा बिल्ला लावला आणि त्याच्या पाठीमागे देशाचा अभिमान उभा केला, की काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

२००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे ते झाले. जोडीच्या स्पर्धेत रशियाच्या येलेना बेरेझ्नाया आणि अँटन सिखारुलिद्झे यांना सुवर्णपदक मिळाले. कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेटिए यांना रौप्य. नऊ परीक्षकांतील पाच रशियाच्या बाजूचे आणि चार कॅनडाच्या. रशिया, चीन, पोलंड, युक्रेन आणि फ्रान्स एकीकडे. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि जपान दुसरीकडे. सोव्हिएत संघ विसर्जित होऊन दहा वर्षे लोटली होती, तरी ही वाटणी पाहून शीतयुद्धाचा नकाशाच कोणी बर्फावर पसरला आहे असे वाटावे. फ्रेंच परीक्षिकेने आपल्यावर आपल्याच देशाच्या संघटनेचे दडपण आल्याचे सांगितले आणि पुढे ते विधान फिरवले. काही दिवसांतच कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले. ह्यात कोणाचा अभिमान राखला गेला? रशियन जोडीचे पदक कायमचे संशयित झाले आणि कॅनडाच्या जोडीचे पदक चौकशीच्या कागदांतून बाहेर आले. बर्फावर ज्यांनी आपले काम चोख केले होते, त्या चौघांतील एकालाही निर्मळ आनंद मिळाला नाही.

त्यावर जे औषध काढले ते तर रोगाहून विलक्षण. सहा गुणांची जुनी पद्धत जाऊन प्रत्येक घटकाला वेगळे मोल देणारी नवी पद्धत आली, हे योग्यच झाले. पण त्याच वेळी कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे लोकांपासून लपवण्यात आले. दडपण आणणाऱ्यांना मत कळू नये हा हेतू. परंतु अंधार केल्याने चोर पकडला जातो असे कोणी ऐकले आहे काय? एरिक झिट्झेविट्झ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने आकडे तपासले, तेव्हा स्वदेशीयाला झुकते माप देण्याची परीक्षकांची वृत्ती ह्या सुधारणेनंतर कमी झालेली नव्हती; उलट काहीशी वाढलीच होती. हा पडदा दूर व्हायला २०१६ साल उजाडावे लागले.

तोवर २०१४ चे सोची होऊन गेले होते. तेथे रशियाच्या सतरा वर्षांच्या अदेलिना सोत्निकोवाला २२४.५९ गुण मिळाले आणि दक्षिण कोरियाच्या किम यूनाला २१९.११. परीक्षकांत रशियन संघटनेच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याची पत्नी होती. नागानोच्या १९९८ च्या स्पर्धेतील वर्तनाबद्दल पूर्वी शिक्षा झालेला एक परीक्षकही होता. कोरियन जनतेचा संताप समजण्यासारखा होता. ज्या देशाच्या धावपटूला १९३६ साली बर्लिनमध्ये मॅरेथॉन जिंकूनही जपानच्या निशाणाखाली उभे राहावे लागले, त्या देशाला आपल्या मुलीच्या गळ्यातील पदकाचे मोल किती वाटत असेल, हे पारतंत्र्य भोगलेल्या आपल्यासारख्यांना कोणी शिकवायला नको. त्या दुःखाची टवाळी करणे माझ्या मनातही नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. फेरचौकशी मागणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या पडल्या. कोरियन संघटनेची रीतसर तक्रार आंतरराष्ट्रीय संघटनेने फेटाळली. आणि ज्या मुलीने परीक्षक नेमले नव्हते, गुण मांडले नव्हते, जिने केवळ आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम नर्तन केले होते, तिच्यावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. दोष व्यवस्थेचा, आणि शिक्षा सतरा वर्षांच्या मुलीला! किमचे ते स्पर्धेतील अखेरचे नर्तन होते. तिच्या पात्याखाली बर्फ कसा निःशब्द राहिला, तिचा हात संगीताच्या शेवटच्या सुरापर्यंत कसा पोहोचला, ह्याविषयी त्या दिवसांत बोलायला फारच थोड्यांना सवड होती. अभिमानाने ओरडणाऱ्यांनी तिला न्याय मागता मागता तिचे नर्तनच हरवून टाकले.

येथे आक्षेपक म्हणतील, की देश पैसा पुरवतो, बर्फाची मैदाने बांधतो, प्रशिक्षक नेमतो. मग त्याने पदकाची अपेक्षा का धरू नये? धरावी. अपेक्षा आणि वसुली ह्यांत मात्र अंतर आहे. जपानची मिदोरी इतो १९९२ साली अल्बेरव्हिलला गेली ती साऱ्या देशाचे ओझे घेऊन. पहिल्या टप्प्यात ती पडली आणि चौथ्या क्रमांकावर गेली. अंतिम फेरीतही तिची तिहेरी ॲक्सेल एकदा फसली. तेव्हा नर्तनाच्या उत्तरार्धात, पाय थकलेले असताना, तिने तीच उडी पुन्हा घेतली आणि निर्दोष उतरली. ऑलिंपिकमध्ये हा पराक्रम करणारी ती पहिली स्त्री. रौप्यपदक मिळवले, इतिहास घडवला; आणि मग तिने आपल्या देशवासीयांची माफी मागितली! सुवर्ण आणता आले नाही म्हणून. ज्या अभिमानापुढे अशा स्त्रीला अपराध्यासारखे उभे राहावे लागते, त्याला अभिमान म्हणायचे की सावकारी?

ह्या सावकारीचे पुढचे पाऊल बीजिंगला २०२२ साली दिसले. कामिला वालियेवा पंधरा वर्षांची होती. तिच्या शरीरात निषिद्ध औषधाचा अंश सापडल्याचे स्पर्धेच्या मध्यावर उघड झाले. तरीही तिला बर्फावर उतरवण्यात आले. ती पुनःपुन्हा पडली आणि चौथी आली. बर्फावरून बाहेर येणाऱ्या त्या मुलीला जवळ घेण्याऐवजी तिच्या प्रशिक्षिकेने तिला जाब विचारला, हे साऱ्या जगाने पाहिले. पुढे २०२४ साली क्रीडा लवादाने तिला चार वर्षांची बंदी घातली. औषध तिच्या तोंडात कसे गेले, ह्याचा जाब देण्याची जबाबदारी ज्या मोठ्यांवर होती, त्यांची नावे मात्र कोणाच्या ओठांवर फारशी आली नाहीत. ज्येष्ठ गटासाठीचे किमान वय सतरापर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२२ सालच्या जूनमध्ये झाला. एका मुलीचे हसे झाल्यावर.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'आपला' म्हणजे कोण? इतोला मागे टाकून १९९२ चे सुवर्णपदक जिंकणारी क्रिस्ती यामागुची अमेरिकेची. परंतु तिच्या आईचा जन्म दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच रहिवाशांसाठी उभारलेल्या छावणीत झाला होता. मग ती कोणाची? त्याच बीजिंगमध्ये लॉस अँजेलिसला जन्मलेली झू यी चीनच्या वतीने उतरली. अमेरिकन नागरिकत्व सोडून ती आली होती. सांघिक स्पर्धेत ती पडली, आणि चीनमध्ये तिच्यावर गरळ ओकण्यात आले. तिला चिनी धड बोलता येत नाही, हाही तिचा गुन्हा ठरला. दुसरीकडे नेथन चेन, सॉल्ट लेक सिटीत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला, अमेरिकेसाठी सुवर्ण जिंकला. तर काही चिनी टीकाकारांनी त्याला पितृभूमीचा द्रोही म्हटले. एक आली म्हणून उपरी, दुसरा आला नाही म्हणून फितूर. मग मनुष्याने करावे तरी काय?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ह्या नियतकालिकाच्या वाचकांना हा पेच निराळा समजावून देण्याची गरज नाही. बेळगावात, इंदुरात, बडोद्यात वा हैदराबादेत "तुम्ही नक्की कुठले?" हा प्रश्न ज्याला कधीच ऐकावा लागला नाही, असा मराठी माणूस विरळा. आणि तरी मैफलीत आपण हे सारे विसरतो. बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व देवासला राहून गायले. त्यांचा स्वर लागला की तो कर्नाटकाचा, माळव्याचा की महाराष्ट्राचा, असा हिशेब कोणी शुद्धीवरचा श्रोता मांडत नाही. जो रसिकधर्म आपण गाण्यात पाळतो, तो बर्फावरील नर्तनात पाळला तर त्यात देशद्रोह कसला? खुद्द ऑलिंपिकची सनदच सांगते, की ह्या स्पर्धा खेळाडूंमधील आहेत, देशांमधील नव्हेत. पदकांचे तक्ते छापणाऱ्यांनी ते वाक्य एकदा वाचावे.

माझे म्हणणे असे नाही की निशाण गुंडाळून ठेवावे. २०१४ साली भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्यामुळे शिव केशवन ल्यूज स्पर्धेत तिरंग्याविना, ऑलिंपिकच्या निशाणाखाली उतरला, तेव्हा मलाही ते बोचले होते. तसेच १९९४ साली सोळा वर्षांच्या ओक्साना बाइउलने नवस्वतंत्र युक्रेनला सुवर्ण मिळवून दिले, तेव्हा त्या देशाला झालेला हर्ष खोटा नव्हता. अभिमान जेव्हा कृतज्ञता असतो, तेव्हा तो मनुष्याला मोठा करतो. तो मागणी बनला, की प्रथम परीक्षकाला भ्रष्ट करतो, मग खेळाडूला गुलाम करतो आणि शेवटी प्रेक्षकाला आंधळा करतो. परीक्षक सुधारण्यासाठी नियम करता येतात. प्रेक्षकाच्या डोळ्यांवरची झापड त्याची त्यालाच काढावी लागते.

ती निघू शकते, ह्याचा पुरावाही बीजिंगनेच दिला. जपानचा युझुरू हान्यू २०११ च्या भूकंपाच्या वेळी सेंदाईच्या बर्फावर सराव करत होता. पायांत स्केट असतानाच त्याला बाहेर धावावे लागले. २०१४ आणि २०१८ ची सुवर्णपदके त्याच्या नावावर जमा होती. २०२२ साली सुरक्षित मार्ग सोडून त्याने साडेचार गिरक्यांची चौपट ॲक्सेल घेतली, तोवर स्पर्धेत कोणालाही न साधलेली. तो पडला आणि चौथा आला. त्याच्यासाठी चीनमधील असंख्य चाहते हळहळले. जपानविषयी ज्या देशाच्या मनात इतिहासाची खोल जखम आहे, तेथील ही माणसे! त्यांना कोणी "त्यात आपला कोण?" असे विचारले असते, तर त्यांनी त्या पडलेल्या जपानी तरुणाकडे बोट दाखवले असते.

आज ना उद्या एखादी भारतीय मुलगी ऑलिंपिकच्या बर्फावर उभी राहील. त्या दिवशी वर्तमानपत्रे कोट्यवधींच्या आशा तिच्या खांद्यांवर चढवतील ह्यात मला शंका नाही. ती सवय आपल्याला चांगलीच आहे. तिच्या पाठीशी खुशाल उभे राहावे. परंतु तोवर परक्यांची नर्तने डोळे उघडे ठेवून पाहण्याचा अभ्यास ज्यांनी केला असेल, त्यांनाच तिने घेतलेली उडी कोणत्या कडेवरून घेतली हे कळेल, आणि ती पडली तर काय धाडस करताना पडली हेही कळेल. बाकीच्यांना फक्त तिचा क्रमांक दिसेल. 'आपला कोण' हे ज्यांना केवळ पारपत्रावरून कळते, त्यांच्या हाती आपली मुलगी सोपवण्याची वेळ येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.